‘दहशतवाद म्हणजे युद्ध, कोर्टकचेरी बंद करा’ या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परवा परत आला. ज्यांनी वाचला नसेल (असं कोणी मुंबईत उरलंय का माहीत नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहशतवाद हा गुन्हा नाही, युद्ध आहे, त्यामुळे पोलीस, वकील, जज यांचं इथे काम नाही, सगळं आर्मीच्या हातात द्या. अमेरिकेने 9/11 नंतर युद्ध पुकारलं म्हणून तिथे पुन्हा एकही हल्ला झाला नाही. आपण मात्र कसाबला बिर्याणी खायला घालत बसलो. कोर्टात नेलं की हे लोक सुटतात, ट्रेन ब्लास्टवाले सुटलेच ना. आणि शेवटी ऑपरेशन सिंदूर, म्हणजे यांना फक्त गोळीची भाषा कळते. खाली तिरंगा आणि ‘दहा जणांना पाठवा’.

राग समजतो मला. या शहरात ज्याला राग आला नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. पण मेसेजमध्ये राग बाजूला काढला तर जे उरतं त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, म्हणून एकेक घेतो.

आधी कसाब, कारण सगळे तिथेच अडकतात. बिर्याणीची गोष्ट खोटी आहे आणि हे मी म्हणत नाहीये, त्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती, त्याला दिलीही नव्हती, त्याच्याबद्दल लोकांना कणव वाटायला लागलीय असं दिसलं म्हणून ती गोष्ट आपणच रचली. इतकी वर्षं झाली हे सांगून, तरी फॉरवर्डमध्ये बिर्याणी शिजतेच आहे.

बरं, ‘जागीच गोळी घालायला हवी होती’. 26/11 च्या दहा हल्लेखोरांपैकी नऊ जण मेलेच. दहावा गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर जिवंत सापडला कारण सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळेंनी त्याच्या रायफलची नळी सोडली नाही, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. आता विचार करा, तोही मेला असता तर आपल्या हातात काय होतं? दहा प्रेतं, आणि खिशात हिंदू नावांची खोटी ओळखपत्रं. पाकिस्तान पहिल्या दिवसापासून ‘आमचा काही संबंध नाही’ म्हणत होता. जानेवारी 2009 मध्ये त्यांना कबूल करावं लागलं की कसाब पाकिस्तानी नागरिक आहे, ते आपल्याकडे जिवंत माणूस होता म्हणून. त्याच्या जोडीला कागद उभा केला तपास करणाऱ्यांनी. हल्लेखोरांनी पळवलेल्या कुबेर बोटीवरचा जीपीएस, रबरी बोटीच्या यामाहा इंजिनाचा पाकिस्तानातल्या विक्रेत्यापर्यंत गेलेला माग, ताजमधून चालू असलेले फोन ऐकून रेकॉर्ड केलेले, सहाशेहून जास्त साक्षीदार, एफबीआयच्या लोकांची साक्षसुद्धा झाली आर्थर रोड तुरुंगाच्या आतल्या कोर्टात. जगापुढे आपण छाती काढून पुरावा ठेवला तो हाच. मिसाईलने पुरावा तयार होत नाही.

आणि वेळ किती लागला? हल्ला नोव्हेंबर 2008, विशेष कोर्टाची फाशी 6 मे 2010, हायकोर्टाचं शिक्कामोर्तब फेब्रुवारी 2011, सुप्रीम कोर्ट 29 ऑगस्ट 2012, दयेचा अर्ज फेटाळला, 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी. चार वर्षंही पुरी झाली नव्हती. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

याच खटल्यातली एक गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपीही होते, त्यांनी हल्ल्याच्या जागांचे नकाशे पुरवले असा आरोप होता. त्यातला एक नकाशा म्हणे मेलेल्या हल्लेखोर अबू इस्माईलच्या खिशात सापडला. माणूस रक्ताने माखलेला आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही, नीट सुरकुतीही नाही. जजसाहेबांनी हे बघितलं, दोघांना सोडलं, आणि वरच्या दोन्ही कोर्टांनी ते कायम ठेवलं. ज्या कोर्टाने कसाबला फाशी दिली त्याच कोर्टाने हे केलं, म्हणून त्या फाशीला वजन आहे.

आता अमेरिका. ‘एकही हल्ला झाला नाही’ हे गुगल न करतासुद्धा खोडता येतं. 2009 ला फोर्ट हूड लष्करी तळावर 13 मेले, 2013 ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब, 2015 ला सॅन बर्नार्डिनोमध्ये 14, 2016 ला ऑरलँडोच्या क्लबमध्ये 49, 2017 ला न्यूयॉर्कमध्ये ट्रक अंगावर घालून 8. 9/11 एवढा प्रचंड हल्ला परत झाला नाही हे खरं आहे, मान्य. पण अफगाणिस्तानात वीस वर्षं लढून ऑगस्ट 2021 मध्ये काबूल परत तालिबानच्याच हातात गेलं हेही त्याच हिशेबात धरा की.

आणि खरी गंमत पुढे आहे. 9/11 चा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद मार्च 2003 मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. अमेरिकेने त्याला साध्या कोर्टात न नेता ‘हे युद्ध आहे’ म्हणून आधी सीआयएच्या गुप्त कोठड्यांत ठेवलं, पाण्यात गुदमरवण्याचे प्रकार केले, मग ग्वांतानामोला नेऊन लष्करी कमिशनपुढे (लष्कराचं खास कोर्ट) उभा केला. वीस वर्षांहून जास्त झाली, त्याचा मुख्य खटला सुरूच होऊ शकलेला नाही. छळ करून काढलेलं चालणार की नाही यावरच वर्षानुवर्षं वाद. 2024 मध्ये गुन्हा कबूल करून जन्मठेप घेण्याचा सौदा झाला तर दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला, प्रकरण परत कोर्टात, आणि जुलै 2025 मध्ये अपील कोर्टाने सौदा रद्दच केला. त्याच माणसाचा भाचा रामझी युसुफ, ज्याने 1993 ला वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली बॉम्ब लावला, त्याला न्यूयॉर्कच्या साध्या फेडरल कोर्टाने नव्वदच्या दशकातच जन्मठेप ठोकली आणि तो अजून आत आहे. मामा युद्धाच्या रस्त्याने गेला, भाचा पोलिसांच्या. आता कसाबच्या तारखा याच्या शेजारी ठेवा आणि सांगा ढिलं कोण.

‘पोलिसांना जमत नाही, 26/11 ला शेवटी एनएसजीच लागली ना’. लागली, आणि लागणारच. ताजच्या जिन्यावर ग्रेनेड येत असताना तिथे पंचनामा करायला कोणी सांगत नाहीये, आत घुसून मारायचंच काम होतं ते, मेजर संदीप उन्नीकृष्णन त्यात गेले. पण एनएसजी ही गृहमंत्रालयाच्या हाताखालची फोर्स आहे, जवान आर्मीतून आलेले असले तरी. आणि त्या रात्री नेमकं कमी काय पडलं ते आठवा. सीएसटीला पोलिसांच्या हातात जुनाट रायफली, जॅकेटांची बोंब, दिल्लीहून कमांडो मुंबईत पोचेपर्यंत सकाळ. म्हणून तर नंतर मुंबईत एनएसजीचा तळ आला, राज्य पोलिसांची फोर्स वन ही कमांडो तुकडी आली, 2008 च्या डिसेंबरमध्येच एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायदा झाला, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक केला, त्यात जामीन मिळणं किती अवघड आहे ते कोणत्याही वकिलाला विचारा. कायदा मऊ आहे हे तर बोलूच नका.

मला तर 1993 सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. आरडीएक्स आलं कुठून, तर रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला उतरलं, आणि उतरू दिलं कोणी, तर पैसे खाल्लेल्या आपल्याच कस्टमच्या अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी. त्यांनाही पुढे टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) कोर्टात शिक्षा झाल्या. सीमेवर कितीही रणगाडे लावा, नाक्यावरचा माणूस पाकीट घेऊन ट्रक सोडणार असेल तर काय करणार? तो माणूस सापडतो चौकशीत, बँकेच्या कागदात, साक्षीत. ती केस फुटली ती पण वरळीला टाकून दिलेल्या एका मारुती व्हॅनमुळे. आत हत्यारं, आणि रजिस्ट्रेशन बघत पोलीस माहीमला कटातल्या टायगर मेमनच्या घरापर्यंत पोचले. आरटीओचा कागद, बस. यात वीरश्री काहीच नाही, म्हणून फॉरवर्ड होत नाही.

आता फॉरवर्डमधला सगळ्यात दमदार मुद्दा, ट्रेन ब्लास्ट. इथे मी ‘तुमचं चूक आहे’ असं म्हणून पुढे पळणार नाही. 11 जुलै 2006, संध्याकाळची गर्दी, वेस्टर्नच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांमध्ये माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत सात स्फोट, 180 हून जास्त माणसं. 2015 ला मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. आणि 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने बाराच्या बारा सोडले. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे 24 तारखेला एवढंच झालं की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत द्यायचा नाही, सुटलेल्यांना परत आत टाकलेलं नाही. एकोणीस वर्षं. ज्यांचं माणूस गेलं त्यांना काय सांगायचं, मला खरंच सुचत नाही.

पण सुटले का, ते तरी वाचाल की नाही? टॅक्सीवाले शंभर दिवसांनी येऊन ओळख सांगतात. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता. वेगवेगळ्या आरोपींचे कबुलीजबाब एकमेकांची कॉपी मारल्यासारखे, आणि ते मारहाण करून घेतल्याचा आरोप कोर्टाला खरा वाटला. बॉम्ब नेमका कसला होता हेच सिद्ध झालं नाही. त्यात भर म्हणजे 2008 मध्ये मुंबई क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीनची माणसं पकडली तेव्हा हाच ब्लास्ट त्यांनी केल्याची वेगळीच कथा पुढे आली, म्हणजे एकाच राज्यातल्या पोलिसांच्या दोन शाखांकडे एकाच स्फोटाचे दोन कर्ते. हे कोर्टाचं अपयश कसं झालं? हा तपास वाईट केला म्हणून पडला. हायकोर्टाने निकालात स्पष्ट म्हटलंय की केस सुटल्याचा देखावा केला तर लोकांना खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच फिरतो.

आता फॉरवर्डवाल्याच्या रस्त्याने जाऊ. 2006 मध्ये ‘युद्ध’ म्हणून या बारा जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या असत्या. आपण टाळ्या वाजवल्या असत्या, फाईल बंद, आणि ज्याने खरंच तो कुकर की पिशवी रॅकवर ठेवली तो चर्चगेटहून लोकल पकडून घरी. आपल्याला कधी कळलंही नसतं. युद्धात चुकीच्या माणसाला मारलं की पुढचा प्रश्नच येत नाही. आणि हे एकदाच घडलं असंही नाही, मालेगाव 2006 च्या स्फोटात एटीएसने (राज्याचं दहशतवादविरोधी पथक) पकडलेले लोक 2016 ला कोर्टाने आरोपांतूनच मोकळे केले, तोवर वर्षं गेलीच होती त्यांची. (आणि 31 जुलै 2025 ला मालेगाव 2008 चे सातही आरोपी सुटले. 21 तारखेला कोर्टाला शिव्या देणारे काही जण त्या दिवशी पेढे वाटत होते, आणि उलटंही. आपल्याला कोर्ट आवडतं का नाही ते आरोपीचं नाव बघून ठरतं.)

मागायचं असेल तर हे मागा ना: फॉरेन्सिक लॅबमध्ये माणसं द्या, कबुलीजबाबावर केस उभी करणं बंद करा, आणि खोटा पुरावा ठेवणाऱ्या अधिकाऱ्यालाही आत टाका. त्याचा एकही मेसेज आलेला नाही मला आजवर.

‘त्यांना गुन्हेगार म्हणू नका, ते शत्रू आहेत’. अहो, त्यांना तेच हवं असतं. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयआरए आणि तसल्याच संघटनांच्या कैद्यांनी 1981 ला तुरुंगात उपोषण केलं, दहा जण मेले, मागणी काय होती? आम्हाला साध्या कैद्याचे कपडे नकोत, आम्ही गुन्हेगार नाही. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी त्यांना राजकीय कैदी म्हणून शेवटपर्यंत मान्य केलं नाही. सीएसटीच्या वेटिंगमध्ये गावाला जायला बसलेल्या बायकापोरांवर गोळ्या झाडणाऱ्याला मी सैनिक का म्हणू? तो खुनी आहे, त्याला खुनाचंच कलम लागलं पाहिजे.

राहिलं सिंदूर. सीमेपलीकडे आपला पोलीस जाऊ शकत नाही आणि तिथलं सरकार काही करत नाही, 26/11 च्या कटातला लष्कर-ए-तोयबाचा लख्वी 2015 मध्ये जामिनावर बाहेर आला हे आपण पाहिलंय, तेव्हा तळांवर मारा करणं हे सैन्याचंच काम आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पहलगामचंच पुढचं बघा. तिथे एप्रिल 2025 मध्ये 26 माणसं मारणारे तिघे सिंदूरच्या 7 मेच्या हल्ल्यात मेले नव्हते, ते काश्मीरमध्येच होते, 28 जुलैला दाचीगामच्या जंगलात मारले गेले. आणि हे तेच तिघे हे सरकारने संसदेत सांगितलं ते कशाच्या जोरावर? त्यांच्या रायफली चंदीगडच्या लॅबमध्ये नेल्या, तिथे त्यांतून गोळ्या झाडून बघितल्या, आणि बैसरनला पंचनाम्यात गोळा केलेल्या पुंगळ्यांशी जुळवल्या. त्याआधी जूनमध्ये एनआयएने त्यांना आसरा देणाऱ्या दोघा स्थानिकांना यूएपीएखाली अटक केली होती. ते दोघं क्षेपणास्त्राने कसे सापडले असते, तेवढं फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.