पंचम जॉर्जला अंगारा

राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रविवारी जुन्या बाजारात एक चांदीचा रुपया हेरला होता. पंचम जॉर्ज, 1914, मुंबई टांकसाळ. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका असला की मुंबई, नसला की कलकत्ता. ठिपका होता. खिशातल्या काट्यावर वजन भरलं 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना पुरा तोळा. कडेचे दाते एकसारखे, कुठे कानस चाललेली नाही, वरच्या अंगाला डाख काढल्याची खूण नाही. ही खूण आपल्याकडे फार सापडते. राजेसाहेब दोन पिढ्या कुणाच्या तरी पणजीच्या गळ्यात कडीला लोंबकळलेले असतात, आणि विकणारा कडी कापून 'एकदम ओरिजिनल' म्हणून आपल्या तळहातावर ठेवतो.

मग मी भिंग काढलं आणि हत्ती शोधला. राजाच्या छातीवर, झग्यावरच्या माळेत, एक चिमुकला हत्ती असतो. नाणं हातोहात फिरलं की उंचवटे आधी झिजतात, आणि त्यात हा बिचारा लवकर सपाट होतो. ह्याची सोंड, पाय, सगळं सुटंसुटं दिसत होतं. वर निळसर करड्या रंगाची साय धरलेली. नाणं जरा तिरकं केलं की त्या सायीखालून उजेड गोल फिरायचा. ठशाखालून निघताना धातूला जी कांती मिळते ती ही. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही.

"काय बघताय एवढं?"

शेजारी एक काका. सफारी, हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय. नाण्यांशी काही देणंघेणं नसावं. भाजी घेऊन झाली होती आणि वेळ शिल्लक होता.

"हत्ती," मी म्हणालो.

"कुठंय?" त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं. विचारलं वगैरे नाही, घेतलं. बराच वेळ डोळा बारीक करून पाहिलं. "अहो, हे डुक्कर आहे."

आता यात काकांना एकट्यांना दोष देता येत नाही. 1911 साली पंचम जॉर्जचे पहिले रुपये निघाले तेव्हाही लोकांना हेच वाटलं होतं. त्या हत्तीची सोंड अशी काही आखूड जमली होती की राजाने छातीवर डुक्कर मिरवलंय अशी ओरड झाली, मुसलमान समाजात संताप उसळला, आणि सरकारला ते रुपये मागे घेऊन बहुतेक वितळवावे लागले. 1912 पासून नवा ठसा, नीट सोंडेचा हत्ती. वाचलेल्या 1911 च्या रुपयाला आज संग्राहक चांगले पैसे मोजतात. हे सगळं मी काकांना उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विक्रेत्याला विचारलं, "मग हे डुक्कर कितीला?"

"तीन हजार."

"तीन? एवढं काळं पडलेलं?"

विक्रेता चुळबुळला. म्हणाला, सत्तावीसशे द्या. त्या क्षणी काका मला साक्षात देवमाणूस वाटले. मी पाकिटाला हात घातला आणि पाचशेच्या नोटा मोजू लागलो. मान खाली होती. तेवढा वेळ पुरला.

काकांनी वरच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "अंगारा आहे. गाणगापूरचा. चांदीला याच्यासारखं काही नाही." आणि अंगठ्याने, चांगला दाब देऊन, मायेने, पंचम जॉर्जचं तोंड घासायला सुरुवात केली. मी ओरडलो. काकांना वाटलं, मला घाई झालीय. म्हणाले, "थांबा हो, मागची बाजू राहिलीय."

पुसायला त्यांनी माझाच रुमाल मागितला. मी दिला. का दिला, विचारू नका.

नाण्याची प्रत जगभर 1 ते 70 अशा आकड्यात मोजतात. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1949 साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी हे कोष्टक मांडलं. हा इसम मुळात मानसशास्त्रज्ञ. माणसांचीही शरीराच्या ठेवणीवरून प्रतवारी लावायचा. तो वारल्यावर उघड झालं की न्यूयॉर्कच्या नाणे संस्थेच्या संग्रहातली सरस नाणी उचलून त्याने तिथे हलकी ठेवून दिली होती. प्रत ओळखणारा माणूस, यात शंका नाही. पण निदान त्याने नाण्यांना अंगारा तरी लावला नव्हता! त्याच्या कोष्टकात माझा रुपया साठीच्या आसपास बसला असता. काकांच्या अंगठ्यानंतर त्याला आकडाच मिळत नाही. नाणी तपासून डबीत बंद करणारे लोक अशा नाण्यावर 'साफ केलेलं' एवढंच लिहून मोकळे होतात.

रुपया मात्र झळकत होता. कढईसारखा. भोवती माणसं जमली. "वा, काय चकाकी!" कुणीतरी म्हणालं. विक्रेत्याने नाणं उन्हात धरलं, स्वतःशी हसला आणि मला म्हणाला, "साहेब, आता साडेतीन."

"सत्तावीस ठरले होते!"

"ते काळ्याचे."

मागून एक मावशी पुढे आल्या. "लक्ष्मी आहे का यावर?"

"राजा आहे, मावशी."

"असू दे. चांदी आहे ना? पूजेत ठेवायचंय." त्यांनी साडेतीन हजार मोजले. घासाघीस नाही, काही नाही. काकांनी उरलेला अंगारा त्यांच्या कपाळाला लावला.

हसायला ठीक आहे. पण आपल्याला जुनं दिसलेलं सोसतच नाही, त्याचं काय करायचं? काळ्या पाषाणाचं देऊळ दिसलं की गावकरी वर्गणी काढून त्याला ऑइलपेंट फासतात. आजीचं तांब्याचं घंगाळ आलं की पहिली चिंच. शंभर वर्षांची साय दिसली की अंगठा शिवशिवतो. त्याला स्वच्छता म्हणायचं, आणि जो अडवेल तो कंजूष. मला तर तिथे तसंच ठरवण्यात आलं. "त्यांना घ्यायचंच नव्हतं," काका मावशींना सांगत होते. "नुसता हत्ती बघत होते."

मी रुमाल परत मागितला. "दोन मिनिटं," म्हणाले आणि विक्रेत्याकडे वळले. "ती राणी पण फार काळवंडलीय हो. आणा इकडे."