हशा कुठे थांबवायचा हे कळणारा माणूस

परवा तालमीनंतर चहाला थांबलो होतो तेव्हा आमच्या ग्रुपमधला एक खरंच हुशार मुलगा म्हणाला की स्टँडअपवाल्यांनी नाटक-कादंबरीच्या वाटेला जाऊ नये, त्यांना दर अर्ध्या मिनिटाला हशा लागतो आणि नाटकाला तो परवडत नाही. मला हे अजिबात पटलं नाही, पण तिथे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं म्हणून इथे लिहितेय. आणि माझ्यासाठी याचं उत्तर एकच माणूस आहे, ब्रिटिश स्टँडअपवाला आणि लेखक बेन एल्टन.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९५९, लंडन. मँचेस्टर युनिव्हर्सिटीत नाट्यशास्त्र शिकला, मग लंडनच्या कॉमेडी स्टोअरमध्ये निवेदन करता करता स्वतःची स्टँडअप. चकचकीत सूट, चष्मा, श्वास न घेता बोलणं आणि तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंवर सरळ हल्ला. १९८२ मध्ये 'द यंग वन्स' ही टीव्हीवरची विनोदी मालिका आली तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा होता, रिक मेयल आणि लिझ मेयर यांच्यासोबत लिहिलेली. पण त्याचा मला सगळ्यात आवडणारा स्टँडअपचा तुकडा राजकारणाचा नाहीच, ट्रेनमधल्या दोन सीटचा आहे. दोन जणांची सीट एकट्याला मिळावी म्हणून माणूस शेजारी बॅग ठेवतो, वर्तमानपत्र पसरतो, कोणी बसू नये म्हणून काय काय करतो... बास, एवढंच. पण ऐकताना कळतं की हा थॅचरच्या काळाबद्दलच बोलतोय, मला जागा मिळाली ना, बाकीचे उभे राहू देत.

मग 'ब्लॅकअ‍ॅडर'. ही ऐतिहासिक काळात घडणारी टीव्ही कॉमेडी, पहिल्या सीझनमध्ये तो नव्हता, १९८६ च्या दुसऱ्या सीझनपासून रिचर्ड कर्टिससोबत लिहायला आला. तो सीझन पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात घडतो आणि एल्टनचे सख्खे काका जेफ्री एल्टन म्हणजे त्याच ट्यूडर काळाचे नामांकित इतिहासकार! काका आयुष्यभर ज्या दरबाराची कागदपत्रं वाचत बसले तिथे पुतण्याने बाल्ड्रिकला, म्हणजे मालिकेतल्या बावळट नोकराला, नेऊन सोडला.

आता माझा मुख्य मुद्दा. २ नोव्हेंबर १९८९ ला 'ब्लॅकअ‍ॅडर'चा शेवटचा भाग लागला. पहिल्या महायुद्धातले खंदक, सकाळी हल्ला होणार, आणि पूर्ण अर्धा तास विनोद चालूच आहेत, पण प्रत्येक हशा आधीच्यापेक्षा थोडा लहान होत जातो. शेवटी बाल्ड्रिककडे अजून एक प्लॅन असतो आणि तो ऐकायला आता वेळच नसतो. शिट्टी वाजते, सगळे वर चढतात, चित्र संथ होतं आणि रणांगणाच्या जागी पॉपीची फुलं दिसायला लागतात, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची लाल फुलं. ते शेवटचं दृश्य एडिटिंगमध्ये सापडलं हे खरं आहे, त्याचं श्रेय त्या टीमचंच. पण तिथपर्यंत प्रेक्षकाला हसवत हसवत आणून अगदी बरोबर जागी हशा काढून घ्यायचा, हे लिखाणाचं काम आहे. ज्यांनी कधी रंगमंचावर विनोदी भूमिका केलीय त्यांना माहितीये की हशा मिळवणं एकवेळ जमतं, तो सोडून देणं जमत नाही. आलेला हशा सोडताना नटाचा जीव जातो.

त्याच वर्षी त्याची पहिली कादंबरी आली, 'स्टार्क'. पृथ्वी खराब करून झाल्यावर जगातले गडगंज लोक गुपचूप इथून निघून जायचा कट करतात, १९८९ मध्ये लिहिलेलं आहे हे. लगेच १९९० ला पहिलं नाटक 'गॅस्पिंग', लंडनच्या हेमार्केट थिएटरला, ह्यू लॉरी मुख्य भूमिकेत. एक कंपनी हवा विकायला काढते, आधी श्रीमंतांची चैन म्हणून, मग हवाच कमी पडायला लागते. इंग्लंडमध्ये आदल्याच वर्षी पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे गेला होता, म्हणजे प्रेक्षक ज्याचं बिल घरी भरत होते त्याच्याच एक पाऊल पुढचं नाटक बघत होते. आज घरोघरी एअर प्युरिफायर आलेत तेव्हा हे वाचताना पोटात खड्डा पडतो.

पण सगळ्यात वरचं 'पॉपकॉर्न', १९९६. आधी कादंबरी आणि मग त्याने स्वतःच केलेलं नाटक, कादंबरीला गोल्ड डॅगर (गुन्हेकथांचा पुरस्कार) आणि नाटकाला ऑलिव्हिए (लंडनच्या रंगभूमीचा पुरस्कार), दोन्ही मिळाले. हिंसक सिनेमे काढणारा दिग्दर्शक ऑस्कर जिंकून घरी येतो तर घरात खरे खुनी बसलेले, त्याच्या सिनेमांचे फॅन. त्यांना टीव्हीवर लाइव्ह हवंय की आमच्या खुनांना हा माणूस जबाबदार आहे. आणि शेवटी तो खुनी कॅमेऱ्यात बघून म्हणतो की बघणाऱ्या सगळ्यांनी आत्ता टीव्ही बंद केला तर मी कोणाला मारणार नाही. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण विचार करा, हे नाटक बघायला तुम्ही तिकीट काढून बसलायत!! ही आयडिया स्टँडअपवाल्यालाच सुचू शकते, कारण समोर बसलेला प्रेक्षक हेच त्याचं रोजचं काम.

सगळं चांगलंय असं मी म्हणणार नाही. रिअ‍ॅलिटी शोवरची 'डेड फेमस' मस्त आहे, पण नंतरच्या काही कादंबऱ्यांत पात्रं बोलायच्या ऐवजी लेखकच माइक घेऊन बोलतो, तिथे त्या मुलाचं म्हणणं मला मान्य आहे. आणि अँड्र्यू लॉइड वेबर या संगीतकारासोबत संगीतिका केली, क्वीन या रॉक बँडच्या गाण्यांवर 'वी विल रॉक यू' केलं म्हणून ब्रिटनमध्ये त्याला विकला गेलेला म्हणून आयुष्यभर टोमणे मारले गेले. समीक्षकांनी ते नाटक धुतलं आणि लोकांनी लंडनच्या डोमिनियन थिएटरला १२ वर्षं चालवलं. मला हा विकला जाण्याचा आरोप फार अन्यायाचा वाटतो, कारण त्याच माणसाने २०१२ ला 'टू ब्रदर्स' लिहिली. त्याचे वडील जर्मन ज्यू, घराण्याचं मूळ आडनाव एहरेनबर्ग, १९३९ ला जीव वाचवून इंग्लंडला आलेलं कुटुंब. कादंबरीत बर्लिनच्या एका ज्यू घरात दोन भाऊ एकत्र वाढतात, त्यातला एक दत्तक आणि जन्माने ज्यू नाही, त्यांची जन्मतारीख २४ फेब्रुवारी १९२०, म्हणजे नाझी पक्षाची पण तीच. हे घरातलं दुःख लिहायला त्याला पन्नाशी ओलांडावी लागली.

आणि २०१६ पासूनचं 'अपस्टार्ट क्रो'. शेक्सपिअरच्या घरातली टीव्ही कॉमेडी, त्यात शेक्सपिअर दर वेळी स्ट्रॅटफर्ड ते लंडन घोडागाडीच्या प्रवासावर चिडचिड करत घरी येतो, म्हणजे ३० वर्षांनी तोच ट्रेनवाला बेन एल्टन! तीन सीझन हसवतो आणि तिसऱ्याच्या शेवटी शेक्सपिअरचा ११ वर्षांचा मुलगा हॅमनेट जातो. शेवटच्या काही मिनिटांत एकही विनोद नाही. मूल गमावलेल्या आईच्या 'किंग जॉन'मधल्या ओळी ऐकू येतात, बस. मी तो भाग रात्री एकटीने बघितला आणि नंतर बराच वेळ लाइट लावला नाही.

त्या मुलाला माझी 'पॉपकॉर्न'ची कॉपी दिलीये, पुढच्या तालमीला बोलू.