खुलासा: ‘कार्बन फायबरला तपासणी लागत नाही’ हे चूक आहे

सध्या एक मेसेज फिरतोय: कार्बन फायबर स्टीलच्या दहापट मजबूत, त्याला तडा जातच नाही, म्हणून तपासणीची गरज नाही. यातलं शेवटचं वाक्य धोक्याचं आहे.

दहापटीचा आकडा अगदीच हवेतला नाही. पण तो सुट्या धाग्याचा, तोही लांबीच्या दिशेने ओढल्यावरचा आणि साध्या स्टीलशी तुलना करून काढलेला. वस्तू मात्र ५ ते ७ मायक्रॉन जाडीचे धागे आणि बहुधा इपॉक्सी रेझिन (धाग्यांना एकत्र धरणारा, घट्ट होणारा चिकट पदार्थ) मिळून बनते. ताण आडवा आला की भार रेझिनवर जातो, आणि तिथे स्टील सहज पुढे असतं. म्हणून तर धाग्यांचे थर वेगवेगळ्या कोनांत रचतात. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत ०° (धाग्यांच्या दिशेने) आणि ९०° (धाग्यांना आडवे) चे आकडे पाहा, फरक कित्येक पटींचा असतो.

शिवाय हे स्टीलसारखं आधी वाकून इशारा देत नाही. हातोडा निसटून पडला तर वर जेमतेम खूण दिसते, आत थर सुटलेले असू शकतात. नाण्याने टकटक केल्यावर तिथे आवाज बद्द येतो. खात्रीसाठी अल्ट्रासाऊंड लावतात.

वजनाच्या मानाने ताकद जबरदस्त, हे खरंच. पण तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.