हा सिनेमा पोट्ट्यांना नंतर, आधी कमिटीला दाखवा

उन्हाळी फुटबॉल शिबिराच्या शेवटच्या दिवशी पोरांना काय दाखवायचं, असा विषय निघाला की कुणीतरी ‘दिएगो मॅराडोना’चं नाव काढतंच. अर्जेंटिनाच्या या फुटबॉलपटूवरची आसिफ कापडियाची 2019 ची डॉक्युमेंटरी, दोन तास दहा मिनिटांची. हेतू चांगलाच असतो: बघा रे, एवढा मोठा खेळाडू, पण नशेपायी वाया गेला. पोट्टे हा धडा घेऊन घरी जातात असं मोठ्यांना वाटतं. ते घेऊन जातात 1986 च्या वर्ल्ड कपमधला त्याचा इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

माझं मत असं की पहिल्या रांगेत बसवा क्लबच्या अध्यक्षाला, सचिवाला, कोचला, बक्षिसाचे पैसे देणाऱ्या भाऊंना आणि मुलाच्या बापाला. हा नशेचा सिनेमा नाहीच. रविवारी एक माणूस मैदानात हवाच आहे, म्हणून त्याच्या आजूबाजूचे लोक काय काय करायला आणि काय काय न बघायला तयार होतात, त्याचा हा सिनेमा आहे.

आधी तो कसा बनलाय ते. खुर्चीत बसून आठवणी सांगणारी माणसं पडद्यावर नाहीत. बोलणाऱ्याचा आवाज, खाली नाव, आणि चित्र त्या काळचं. हाताशी कच्चं चित्रण होतं 500 तासांहून जास्त. ते आलं कुठून? मॅराडोनाचा पहिला एजंट, त्याचा लहानपणचा दोस्त खोर्खे सिटरस्पिलर, याने त्याच्यावर सिनेमा काढायचं मनावर घेऊन कॅमेरामन नेमले होते. पोरगं विशीत होतं तेव्हाच घरात, गाडीत, ड्रेसिंग रूममध्ये कॅमेरा शिरला. प्रसिद्धीची किंमत मोजायला बसलात तर पहिली रक्कम हीच धरा: आपल्याला हा सिनेमा बघायला मिळतो, कारण त्या माणसाला कधी एकटं सोडलंच नव्हतं.

या चित्रणातला सगळ्यात मोलाचा भाग टचलाइनवरचा, म्हणजे मैदानाच्या कडेचा. टीव्हीचा कॅमेरा उंचावर असतो, तिथून फाउल म्हणजे नुसती शिट्टी. इथे कॅमेरा गवताच्या उंचीला आहे, त्यामुळे मागून येणारा बूट पोटरीवर कसा बसतो ते दिसतं. 1982 च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीने एकाच सामन्यात त्याच्यावर 23 फाउल केले. 1986 च्या पूर्ण स्पर्धेत 53. मध्ये सप्टेंबर 1983 मध्ये बार्सिलोनाकडून खेळताना बिल्बाओच्या गोइकोएचेआने त्याचा डावा घोटा मोडला. मागून जीवघेणं टॅकल केलं की थेट लाल कार्ड, ही सक्ती फिफाने आणली 1998 मध्ये. तोवर तो निवृत्तही झाला होता. आज कुणी म्हणालं की मेस्सीलाही तेवढंच सोसावं लागलं, तर त्याला एवढंच सांगा.

आता नापोली, इटलीतल्या नेपल्स शहराचा क्लब. 1983-84 च्या मोसमात संघ बाराव्या नंबरवर, खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून एका गुणाने वाचलेला. 5 जुलै 1984 ला सान पाओलो स्टेडियमवर मॅराडोनाला नुसतं बघायला सुमारे 75 हजार लोक जमले. त्याच दिवशीच्या पत्रकार परिषदेत एकाने विचारलं की या पैशामागे कामोरा, म्हणजे तिथली माफिया, आहे का. अध्यक्ष कोर्राडो फेर्लाइनोने त्या पत्रकाराला बाहेर काढलं. सिनेमातला हा प्रसंग पुन्हा लावून बघा. पहिल्याच दिवशी ठरलं की या माणसाच्या भोवतीचे प्रश्न विचारायचे नाहीत.

पुढे संघ आठवा, मग तिसरा, आणि 1986-87 ला पहिल्यांदा चॅम्पियन. उत्तर इटलीतल्या मैदानांवर नेपल्सच्या लोकांना ‘अंघोळ करा’ म्हणून हिणवणारे फलक लागायचे. त्या शहराची मान या बुटक्या माणसाने वर केली. मग त्याला नाही कोण म्हणणार? नाही म्हणू शकणारा एकही माणूस त्या शहरात उरला नाही, आणि घोळ तिथून सुरू झाला.

घोळाचा पहिला भाग सुईचा. तो कॉर्टिसोनची इंजेक्शनं घेऊन खेळत राहिला. कॉर्टिसोन सूज दाबतं, म्हणून दुखणं थांबतं. फाटलेला लिगामेंट ते जोडत नाही. उलट तेच ते इंजेक्शन पुन्हा पुन्हा दिलं की आजूबाजूचा टेंडन कमजोर होतो आणि सांध्यातली कूर्चा झिजते, म्हणूनच डॉक्टर एकाच सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर सहसा जात नाहीत. 1990 च्या वर्ल्ड कपमध्ये त्याचा डावा घोटा असा सुजला होता की बुटात पाय जाईल की नाही अशी शंका यावी. तरी तो खेळला, कारण अर्जेंटिनाकडे दुसरं काही नव्हतंच.

हे आपल्याकडे नागपुरात होत नाही असं समजू नका. कामठी असो, मोमिनपुरा असो की गल्लीतली सेव्हन-ए-साइड, मे महिन्यात काळ्या मातीचं मैदान भेगाळतं, पाय भेगेत जातो, घोटा आत वळतो. फायनल दोन दिवसांवर. मग स्प्रे, वरून क्रेप बँडेज आवळून, आणि ओळखीच्या दवाखान्यातून दुखणं दाबणाऱ्या डायक्लोफेनॅकची सुई. पोरगं धावतं. धावतं म्हणून सगळे म्हणतात की काही नव्हतंच. प्रत्यक्षात बाहेरच्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटलेला असतो, दुखणं बंद असल्यामुळे पोरगं त्यावर पूर्ण वजन टाकतं, आणि पुढच्या वळणावर तो उरलेलाही जातो. मग घोटा कायमचा सैल. तीन महिन्यांनी साध्या चालण्यातही वळतो.

कमिटीने करायचं काम अवघड नाही. घोटा वळल्यावर पोराला चार पावलं टाकायला सांगा. टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर हाड दुखलं, तर एक्स-रे काढल्याशिवाय काही नाही. हाड शाबूत असेल तर पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी पंधरा-वीस मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून, थेट कातडीवर नाही. किरकोळ ताण असेल तर एक-दोन आठवडे, अर्धवट फाटला असेल तर तीन ते सहा, पूर्ण गेला असेल तर तीन महिने धरून चाला. परत खेळवायच्या आधी त्या एका पायावर उड्या, टाच उचलणं दुसऱ्या पायाइतक्याच वेळा, मग आठच्या आकड्यात पळणं. हे सगळं गोळी न घेता. गोळी घेऊन दिलेली टेस्ट म्हणजे टेस्टच नाही. आणि ही टेस्ट कोचने घेऊ नये. कोचला रविवार जिंकायचा असतो.

घोळाचा दुसरा भाग आठवड्याच्या वेळापत्रकाचा, आणि इथे हा सिनेमा नीट बघावा लागतो. रविवारी सामना. रविवार रात्रीपासून बुधवारपर्यंत कोकेन, पार्ट्या. गुरुवारपासून सराव, घाम, शरीर ‘साफ’ करणं. पुन्हा रविवार. हे वेळापत्रक असंच का? नुसत्या मौजेचा हिशोब नाही हा. कोकेनचं शरीरात जे बनतं, बेंझॉइलएक्गोनिन, ते कधीमधी घेणाऱ्याच्या लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतं. बुधवार रात्र ते रविवार संध्याकाळ म्हणजे नव्वद तासांच्या आसपास. गणित जेमतेम बसतं. पण रोज घेणाऱ्याच्या शरीरात ते साठत जातं आणि दहा दिवसांनीही सापडू शकतं. म्हणजे सवय वाढली की तेच वेळापत्रक आपोआप निकामी होतं, बाहेरून काहीही न बदलता.

मग वर्षानुवर्षं तो सापडला कसा नाही? याचं उत्तर फेर्लाइनोनेच 2003 मध्ये मुलाखतीत दिलं. सामन्याआधी खेळाडूंना विचारलं जायचं की सगळं ठीक आहे ना. कुणाला धोका वाटला तर ट्रॅकसूटमध्ये लपवायला छोटा पंप मिळायचा, त्यात दुसऱ्याची स्वच्छ लघवी. क्लबच्या अध्यक्षाने सांगितलेली ही पद्धत आहे, कुण्या दुश्मनाने नाही. (आज हे जमत नाही. सूचना मिळाल्यापासून माणूस सोबत असतो, नमुना डोळ्यांसमोर द्यावा लागतो, किमान 90 मिलिलिटर, आणि तो ए व बी बाटल्यांत खेळाडूच्या हातानेच सील होतो. आपल्याकडे नाडाची, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची, हीच रीत आहे.)

‘त्याला सांभाळलं’ म्हणतात ते हे. पंप देणाऱ्याला उपचार देता आले असते. त्याने पंप दिला, कारण उपचाराला तीन महिने लागतात आणि पंपाला दोन मिनिटं.

1989 ला नापोलीने युएफा कप जिंकला. कप जिंकला तर मॅराडोनाला सोडतो, असं ठरलं होतं आणि फ्रान्सच्या मार्से क्लबची ऑफर होती. फेर्लाइनोने सोडलं नाही. त्या माणसाला शहर बदलायचं होतं, कदाचित त्यात त्याचं भलं झालं असतं, कदाचित नसतंही. पण क्लबने पुढच्याच मोसमात, 1989-90 ला, दुसऱ्यांदा लीग जिंकून घेतली. क्लब बदलायची एनओसी अडवून ठेवणाऱ्या आपल्या सचिवांनी हा भाग विशेष बघावा.

3 जुलै 1990. सेमीफायनल, इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि मैदान नेमकं नेपल्सचं. शिलाचीचा गोल, कॅनिजियाची बरोबरी, मग पेनल्टीत 4-3. मॅराडोनाने स्वतःची पेनल्टी मारली आणि इटली घरच्या वर्ल्ड कपमधून बाहेर. पाच दिवसांनी रोमला फायनलच्या आधी अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीतावर स्टेडियम शिट्ट्या मारत होतं. यानंतरचे महिने सिनेमात भराभर जातात, पण ते सावकाश बघण्यासारखे आहेत. कोकेन तेच, मित्र तेच, फोन तेच. बदललं एवढंच की आता त्याला वाचवण्यात कुणाचा फायदा नव्हता. 1991 च्या सुरुवातीला पोलिसांच्या फोन टॅपिंगमध्ये त्याचा आवाज निघाला. 17 मार्च 1991 ला बारीविरुद्धच्या सामन्यानंतर नमुना पॉझिटिव्ह आला. 15 महिन्यांची बंदी. सात वर्षांपूर्वी 75 हजारांनी स्वागत केलेला माणूस एप्रिलच्या सुरुवातीला रात्री शहर सोडून गेला.

सिनेमाच्या मांडणीशी माझं एकच भांडण आहे. त्याच्या ट्रेनरचा एक विचार त्यात कणा म्हणून वापरलाय: दिएगो वेगळा, मॅराडोना वेगळा, एक साधा पोरगा, दुसरा जगासाठी घातलेला मुखवटा. ऐकायला छान वाटतं. पण ही मांडणी सगळ्यांच्या फार सोयीची आहे, त्याच्याही. आम्ही प्रेम दिएगोवर केलं, वाट लावली मॅराडोनाने, असं म्हणून क्लब सुटतो, शहर सुटतं. आणि सप्टेंबर 1986 मध्ये नेपल्समध्ये जन्मलेल्या स्वतःच्या मुलाला वर्षानुवर्षं नाकारणारा माणूसही सुटतो. त्या मुलाला जवळ करायला त्याने जवळपास तीस वर्षं लावली. ते कुठल्या मुखवट्याने केलं नाही.

पैशाचाही हिशोब बघा. इटलीच्या कर खात्याने नेपल्सच्या काळातल्या प्रतिमा हक्कांच्या, म्हणजे नाव-फोटो वापरू देण्याच्या, कमाईवरून त्याच्यामागे लावलेला तगादा व्याजासकट 37 दशलक्ष युरोंवर गेला. 2009 मध्ये त्याच्या कानातली हिऱ्याची कुडी जप्त केली आणि 2010 मध्ये लिलावात काढली. शेवटी इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये निकाल त्याच्या बाजूने दिला. तो 25 नोव्हेंबर 2020 लाच गेला होता. आपल्या पोरांना मानधनाच्या पावत्या आणि करार जपून ठेवायला शिकवा, एवढं तरी यातून घ्या.

आणि 2019 चा सिनेमा दाखवू शकत नाही तो भाग तर अजब आहे. त्याच्या मृत्यूत निष्काळजीपणा केल्याच्या आरोपावरून वैद्यकीय चमूतल्या सात जणांवर मार्च 2025 मध्ये अर्जेंटिनात खटला उभा राहिला. मे महिन्यात तो रद्दबातल झाला, कारण तिघांपैकी एक न्यायाधीश बाई याच खटल्यावरच्या डॉक्युमेंटरीत सामील असल्याचं उघड झालं. मेल्यावरही कॅमेऱ्याने पाठ सोडली नाही राजेहो.

हे नागपूरला का लागू? मॅराडोना व्हिया फिओरितो या झोपडवस्तीतला, आठ भावंडांतला, पंधराव्या वर्षापासून घर त्याच्या पायावर. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलने उभं करायचं काम विजय बारसेंच्या स्लम सॉकरने 2001 पासून याच शहरातून केलंय. खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून नोकरी लागावी म्हणून धडपडणारी पोरं प्रत्येक मैदानावर आहेत. सर्टिफिकेट हवं तर स्पर्धेत उतरायला हवं, म्हणून पोरगंच दुखणं लपवतं, बाप विचारत नाही, कोचला सोयीचं पडतं. कुणी वाईट नसतं आणि घोटा जातो.

म्हणून कमिटीसाठी शो लावताना एवढं करा. आवाज बहुतेक स्पॅनिश-इटालियन आहे, तेव्हा सबटायटल्स चालू आहेत ना ते आधी तपासा, आणि पडदा इतका मोठा घ्या की मागच्या खुर्चीवरून अक्षरं वाचता येतील. 1987 च्या विजयानंतर दहा मिनिटं थांबवा, चहा तेव्हाच द्या. तिथपर्यंत सगळे खुशीत असतात आणि मोकळं बोलतात. तेव्हाच विचारा: आपल्या क्लबात ‘आज तू खेळायचं नाही’ हे सांगायचा अधिकार कुणाला आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, कोचला. मग नाव बदलून ठरावात लिहून घ्या: फिजिओ, नाहीतर संघाबाहेरचा एखादा डॉक्टर, ज्याला ट्रॉफीशी देणंघेणं नाही. त्याचा शब्द फायनललाही शेवटचा, हेही त्याच ठरावात टाका, अध्यक्षांच्या सहीने. उरलेला सिनेमा सही झाल्यावर चालू करा.