‘आधी प्रॅक्टिस बसू द्या, मग बोला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘नुकतीच सनद मिळालेल्या मुलींसाठी एका ज्येष्ठ वकिलाचा सल्ला’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्या भाचीला तो आधी तिच्या बॅचच्या ग्रुपवर आला. मग घरच्या ग्रुपवर तिच्याच काकांनी टाकला, वर ‘प्रत्येक मुलीने वाचावा’ अशी पुस्ती जोडून. रात्री तिचा मला फोन : "मावशी, आपल्याला तो कायदा लागूच होत नाही का गं?" कायद्याची पदवी घेतलेली मुलगी हे विचारते, म्हणजे मेसेजनं आपलं काम चोख केलंय. ज्येष्ठ वकिलांचं नाव अर्थातच कुठे नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. वकिलीसारख्या सुशिक्षित व्यवसायात लैंगिक छळ फारसा होत नाही. झालाच तर कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी केलेला २०१३ चा कायदा वकिलांना लागू नाही. पुरावा नसताना तक्रार केली तर शिक्षा तुम्हालाच. म्हणून आधी प्रॅक्टिस बसू द्या, मग काय ते बोला. सहानंतर चेंबरमध्ये, म्हणजे सीनिअर वकिलाच्या ऑफिसात, थांबू नका. आणि शेवटी सीनिअर मंडळींना आपुलकीचा सल्ला : मुलींना ज्युनिअर घेऊच नका. हो, पुरुषांनाही त्रास होतो, हेही एका ओळीत आहेच.

‘सुशिक्षित व्यवसाया’वर फार वेळ घालवत नाही. इंटरनॅशनल बार असोसिएशननं २०१९ मध्ये १३५ देशांतल्या जवळपास ७,००० वकिलांची आणि विधी क्षेत्रातल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनपैकी एका स्त्रीनं कामाच्या संदर्भात लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. अशा प्रसंगांपैकी पाऊणएक प्रसंगांची कुठेही तक्रार झाली नव्हती. ‘आमच्याकडे कधी तक्रारच आली नाही’ असं बार रूममध्ये छाती फुगवून सांगणाऱ्यांनी हा दुसरा आकडा दोनदा वाचावा.

आता कायदा लागू नाही, हा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावंच लागेल. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की बार कौन्सिल, म्हणजे वकिलांना सनद देणारी आणि त्यांच्या शिस्तीचं पाहणारी संस्था, ही वकिलांची नियोक्ता नाही. त्यामुळे एका वकिलानं दुसऱ्या वकिलाचा छळ केला, तर त्या तक्रारीसाठी बार कौन्सिलनं या कायद्याखाली समिती नेमावी, असं म्हणता येत नाही. तिथे रस्ता ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ चा, म्हणजे व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारीचा. मला हा रस्ता तोकडा वाटतो. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीत एक तरी स्त्री असावी, एवढीही अट त्या कायद्यात नाही. पण सनद निलंबित करण्याचा, रद्द करण्याचा अधिकार त्याच समितीला आहे, तेव्हा त्याला कमी लेखू नका. त्यातही २०१२ मध्ये मेधा कोतवाल-लेले यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बार कौन्सिल ऑफ इंडियाला स्पष्ट बजावलं होतं की देशातल्या सगळ्या बार असोसिएशन आणि सनदधारक वकील विशाखा मार्गदर्शक तत्त्वं (कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी त्याच न्यायालयानं आधी घालून दिलेले नियम) पाळतील, हे पाहा. मेसेजच्या लेखकाला २०२५ बरोबर आठवतं, २०१२ मात्र आठवत नाही.

आणि बार कौन्सिल नियोक्ता नाही, यावरून चेंबर कामाचं ठिकाण नाही, हे कुठून निघालं? २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ कोण, ते कलम २(फ) मध्ये लिहिलंय : कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, मोबदला घेऊन किंवा न घेता काम करणारी, स्वेच्छेनं येणारी, शिकाऊ, प्रशिक्षणार्थी. स्टायपेंडच्या नावानं शून्य मिळणाऱ्या ज्युनिअरनं हे शब्द सावकाश वाचावेत. कामासाठी जावं लागतं ती जागा, आणि नियोक्त्यानं तिथं जायला दिलेलं वाहन, हेसुद्धा कामाचं ठिकाणच. बाहेरगावच्या मॅटरसाठी सरांच्या गाडीतून जाताना कायदा चेंबरच्या दारात उभा राहून टाटा करत नाही. लॉ फर्ममध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती सक्तीची. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. आणि दोन टेबलांचं, चार माणसांचं चेंबर असेल, किंवा तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. सीनिअरविरुद्धची तक्रार सीनिअरच्याच टेबलावर ठेवायची नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही सुचलं होतं.

सगळ्यात घातक दोन वाक्यं पुढे आहेत, आणि ती एकमेकांना धरून आहेत. पहिलं : ‘पुरावा नसेल तर कलम १४ खाली तुमच्यावरच कारवाई.’ कलम १४ मेसेजमध्ये अर्धंच दिलंय. कारवाई होते ती तक्रार दुष्ट हेतूनं केली असेल, खोटी आहे हे माहीत असून केली असेल किंवा बनावट कागद दिला असेल तर. त्याच कलमात पुढे सरळ म्हटलंय की केवळ आरोप सिद्ध करता आला नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही. आणि दुष्ट हेतू होता, हेही चौकशी करूनच ठरवावं लागतं. वकिलानं कलम अर्धं वाचून दाखवणं म्हणजे काय, ते मी वकिलांना समजावून सांगू का? शिवाय ही चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. कुठली बाजू जास्त संभवनीय, हे समिती पाहते. बंद केबिनमध्ये घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार? पण त्याच रात्री मैत्रिणीला केलेला मेसेज, अचानक काढून घेतलेल्या फाइली, दुसऱ्या दिवसापासून बदललेलं वागणं, हे सगळं सांगण्यासारखं असतं. लिहून ठेवा, तारखेसह.

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. ‘आधी प्रॅक्टिस बसू द्या, मग बोला.’ कलम ९ : घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. प्रकार वारंवार होत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. समितीला कारण पटलं तर आणखी जास्तीत जास्त तीन महिने. बस. प्रॅक्टिस बसायला किती वर्षं लागतात, हे त्या ज्येष्ठांना ठाऊक नसेल तर ते ज्येष्ठ नाहीत, आणि ठाऊक असूनही हा सल्ला देत असतील तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मुलीनं त्यांचं ऐकलं की तिची तक्रार ऐकून न घेताच मुदतबाह्य. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं असंच प्रकरण होतं. एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्ध तक्रार. शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली धरली गेली, तक्रार डिसेंबर २०२३ मधली. मुदतीबाहेर गेली म्हणून फेटाळणं न्यायालयानं योग्य ठरवलं. हा निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग राहील, असा आदेश मात्र दिला. कायदा शिकवणाऱ्या बाईंची ही गत, तर तारखा घ्यायला धावणाऱ्या ज्युनिअरचं काय? (ही मुदत फारच अपुरी आहे, असं माझं स्वतःचं मत आहे. पण ती बदलेपर्यंत तीच धरून चालायला हवं.) पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ आहे, त्याचा हिशेब वेगळा. पण समितीकडे जायचं असेल तर कॅलेंडर आजच बघा.

सहानंतर थांबू नका म्हणे. कोर्ट सुटल्यावर अशील येतात, ड्राफ्टिंग होतं, उद्याच्या बोर्डाची, म्हणजे सुनावणीच्या यादीची, तयारी होते. सहाला निघणारी मुलगी वकिली शिकणार कधी? उशिरा थांबणाऱ्या ज्युनिअरला बंद खोलीत एकटीला बोलवायचं नाही, रात्री घरी जायची सोय बघायची, कामाचे फोन कामापुरते ठेवायचे, हे सगळं सीनिअरच्या हातात आहे. मेसेजमध्ये त्यातलं एक अक्षर नाही.

मुलींना ज्युनिअर घेऊच नका, हा सल्ला देणाऱ्यांना एकच विचारते : तुमच्या चेंबरमध्ये मुलगी आली तर तक्रार होईल, अशी खात्री तुम्हाला का वाटते?

राहिला पुरुषांच्या त्रासाचा मुद्दा. तो खरा आहे. त्याच पाहणीत चौदांपैकी एका पुरुषानं लैंगिक छळ झाल्याचं सांगितलंय, आणि २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे. पण फर्मनं आपली नियमावली सगळ्यांसाठी लिहिली तर कायदा आड येत नाही, आणि कलम ३५ ची तक्रार मुलगासुद्धा करू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याला त्या मुलाची खरंच काळजी असती, तर त्यानं कुठे जावं याची एखादी ओळ तरी त्यात असती. मी शोधली, नाही.