सोसायटीची साफसफाई दिवाळीत नको, पितृपक्षात करा

दिवाळी आठवड्यावर आली की पुण्यातल्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. जिन्याला रंग, गेटला लायटिंग, पार्किंग धुऊन घ्या. खरी कामं करायची वेळ मात्र तोवर निघून गेलेली असते. अनंत चतुर्दशी ते कोजागिरी हा साधारण एक महिना, आणि त्याचा पहिला पंधरवडा पितृपक्षाचा. ‘या दिवसांत काही सुरू करू नये’ म्हणत सगळे गप्प बसतात. पण टाकी धुवायला नि गच्चीची जाळी साफ करायला कुठल्याही पंचांगाची हरकत नसते. शिवाय या दिवसांत प्लंबर फोन उचलतो. नवरात्र उलटल्यावर करून बघा त्याला फोन.

सुरुवात गच्चीपासून करा, कारण पाऊस अजून पुरता गेलेला नसतो आणि गळती फक्त आत्ताच दिसते. मोठी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरातलं छत बघायचं, ओल कुठवर आली आहे तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख घालायची आणि फोटो काढायचा. मग गच्चीवर जाऊन त्याच जागेच्या वर काय आहे ते बघायचं: पाइप स्लॅबमधून जातो ती जागा, कठड्याच्या पायथ्याची गोलाई, चिनी मोझॅकची उडालेली फरशी. बहुतेक गळती याच तीन ठिकाणची असते. ओल भिंतीवरून उतरत येत असेल तर दोष गच्चीचा नाही, बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेचा किंवा डक्टमधल्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या पाइपाचा. दुरुस्ती मात्र लगेच करायची नाही. ओल्या स्लॅबवर केलेलं वॉटरप्रूफिंग पुढच्या उन्हाळ्यात फुगून सुटतं. ऑक्टोबरचं ऊन महिनाभर खाऊ द्या, काम नोव्हेंबरमध्ये घ्या. आत्ता हवी ती फक्त खुणांची यादी आणि दोन-तीन कोटेशनं. मे महिन्यात कोरड्या गच्चीकडे बघून दिलेल्या कोटेशनमध्ये अख्खी गच्ची धरलेली असते, हे लक्षात ठेवा.

पावसाचं पाणी जिरवण्याची यंत्रणा असेल तर तिचा फिल्टर याच महिन्यात उघडा. वाळू-खडीवर बसलेला गाळ तसाच सुकला तर त्याचा कडक थर होऊन बसतो आणि जूनचं पहिलं पाणी थेट ओव्हरफ्लोने गटारात जातं. वरची वाळू काढून धुवायची किंवा बदलायची. महापालिका पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत आणि सौरऊर्जा यांपैकी एक असेल तर सर्वसाधारण करात 5 टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के सवलत देते. यंत्रणा चालू असणं ही त्यातली अट अनेक सोसायट्या सोयीस्करपणे विसरतात.

आता डास. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, साचलेलं सगळं पाणी ओतून द्यायचा. पाणी ओतून दिलं की झालं असं मात्र नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. कडा घासल्याच पाहिजेत. कुंड्यांखालच्या ताटल्या सगळ्यांना माहीत असतात. राहून जातात त्या जागा वेगळ्या: लिफ्टचा खड्डा, बंद फ्लॅटचं कमोड, डक्टमधली शेड, टाकीच्या व्हेंट पाइपची फाटलेली जाळी. आणि आपल्याकडची खास जागा म्हणजे मांडवाचे खड्डे. मंडप उतरला तरी बांबूंचे खड्डे तसेच राहतात. ते मुरूम टाकून ठोकून भरा. धुराच्या फवारणीवर फार विसंबू नका. तिने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी सगळी झाकणं किमान तासभर उघडी ठेवा, वर दुसरा माणूस उभा असू द्या, आणि पेट्रोल-डिझेलवर चालणारा पंप टाकीत किंवा तोंडाशी कधीही लावू नका. त्याच्या धुराने माणूस मिनिटांत बेशुद्ध पडतो. गाळ काढला की 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवायची, चोथा खाली बसू द्यायचा, वरच्या पाण्याने भिंती घासायच्या, अर्ध्या तासाने धुऊन ते पाणी उपसून टाकायचं. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी असते. आणि फरशीच्या अ‍ॅसिडच्या बादलीत ती कधीही पडू देऊ नका. विषारी वायू सुटतो.

विसर्जनाचं उरलेलं काम पण सोसायटीचंच. शाडूची मूर्ती बादलीत विरघळते, माती कुंडीत जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत आहे: मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात, प्लास्टिकच्या टपात, उघड्यावर, दर दोन-तीन तासांनी ढवळत. साधारण दोन दिवसांत खाली खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. ते खत आहे, पण भरपूर पाणी घालूनच झाडांना द्या. मूर्ती विरघळलीच नाही तर बहुधा बायकार्बोनेट कमी पडलेलं असतं किंवा रंगाचा थर जाड असतो.

निर्माल्यातून दोरा, जरी, प्लास्टिक आधी काढा. एक घमेलं फुलं-दूर्वांना दोन घमेली वाळकी पानं, वर मूठभर जुनं खत. मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब यावेत एवढीच ओल. वास आला तर पाणी जास्त झालंय, अजून पानं घाला. आठवड्याला एकदा उलटवलं तर दोन महिन्यांत खत तयार. आणि ती पानं सकाळी कोपऱ्यात जाळणं बंद करा, एवढं तरी.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत, 14 पूर्ण दिवसांची नोटीस देऊन. गच्चीची कोटेशनं विषयपत्रिकेवर नावानिशी घ्या. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या विषयां’त ढकलली तर दिवाळीनंतर पुन्हा विशेष सभा बोलवावी लागेल.

एवढं झालं की भोंडला आणि कोजागिरी खुशाल करा. भोंडल्याला पाटावरचा हत्ती आधी रेखून ठेवा आणि खिरापती डब्यात झाकून आणायला सांगा, ओळखण्यातच गंमत असते. कोजागिरीला 50 जणांसाठी 10 लिटर म्हशीचं दूध पुरतं, आटून साडेसात-आठ लिटर उरतं. त्यादिवशी सुट्या दुधाचा भाव चढतो, ऑर्डर दोन दिवस आधी द्या. साखर 800 ग्रॅम, तीही शेवटी. आधी घातली तर दूध लवकर लागतं. गॅस मध्यम, उलथनं तळापर्यंत, आणि ढवळणारा माणूस मधेच गप्पा मारायला जाणार नाही असा निवडा. मसाला आच बंद केल्यावर. पातेलं गच्चीवर चांदण्यात ठेवताना वर जाळीचं झाकण किंवा पातळ मलमल बांधा, ऑक्टोबरात दिव्याला किडे फार असतात.