आर्डुइनो ओपन आहे ना, मग पैसे कसले?

आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला, ओपन सोर्स म्हणायचं आणि वर बोर्डाचे पैसे घ्यायचे, ही तक्रार नेहमीची. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दावर दोन्ही अर्थ भागवावे लागतात, म्हणून तिथला गोंधळ समजू शकतो. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन चांगले वेगळे शब्द आहेत, तरी आपण गल्लत करतोच.

सॉफ्टवेअरची दुसरी प्रत काढायला काही पडत नाही. बोर्डाच्या दुसऱ्या प्रतीला पुन्हा तेवढंच तांबं, तेवढंच सोल्डर आणि नवी चिप लागते. ओपन असतो तो आराखडा: सर्किट, पीसीबीचा (पार्ट जोडणाऱ्या तांब्याच्या रेघांच्या पट्टीचा) लेआउट, पार्टची यादी. आर्डुइनोच्या उनो या बोर्डाचा आराखडा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे. उतरवा, बदला, बोर्ड बनवून विका. फक्त 'आर्डुइनो' हे नाव त्यावर छापू नका, तो ट्रेडमार्क आहे.

बोर्ड फुकट नाही, पण खर्च कुठे कापायचा हे आता तुमच्या हातात. उनोतून नको ते काढत गेलं तर उरतं काय? २८ पायांची एटीमेगा ३२८पी ही मुख्य चिप, तिला ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याच्या दोन्ही पायांवरून ग्राउंडला २२ पिकोफॅरडचे दोन सिरॅमिक कॅपॅसिटर, १ नंबरच्या रिसेट पिनवरून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि ७ व २० नंबरच्या पिनांना चिकटून '१०४' छापलेला एकेक कॅपॅसिटर. सगळं झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या कोऱ्या पट्टीवर, बसतं. यूएसबीची वेगळी चिप गेली, व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर गेला. क्रिस्टलही वगळता येतो, कारण चिपच्या पोटात ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आहे. पण तो तापमानाबरोबर सरकतो आणि मग कॉम्प्युटरशी बोलायच्या सिरियल लाइनवर मधूनच भलतीच अक्षरं यायला लागतात.

कोरी चिप आणली तर बूटलोडर, म्हणजे पुढचे प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम, आपणच टाकायचा. दुसऱ्या उनोत 'आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी' हे स्केच (आर्डुइनोवाले प्रोग्रामला स्केच म्हणतात) भरा, त्याची १० नंबरची पिन नव्या चिपच्या रिसेटला, ११, १२, १३ अनुक्रमे तिच्या मोसी, मिसो आणि क्लॉक या पिनांना. स्केच भरून झाल्यावर त्या उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा, नाहीतर प्रत्येक वेळी तो स्वतःच रिसेट होत बसतो.

काटकसर अंगाशी येते तीही इथेच. स्वस्त पडते म्हणून 'पी' नसलेली ३२८ आणली की सिग्नेचर, म्हणजे चिपची ओळख सांगणारा कोड, जुळत नाही: हवी १ई ९५ ०एफ, येते १ई ९५ १४. क्रिस्टल न लावता फ्यूज (चिपच्या आतल्या सेटिंग) मात्र बाहेरच्या क्रिस्टलचे टाकले की चिप मुकी होते. मेली समजून फेकू नका, क्रिस्टल लावला की बोलते. आणि रेग्युलेटर ठेवायचाच असेल तर ७८०५ या रेग्युलेटरच्या भोकांत १११७ हा दुसरा रेग्युलेटर कोंबू नका. पहिल्याचे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट. दुसऱ्याचे ग्राउंड, आउटपुट, इनपुट.

एवढं करून चिप मात्र बंदच. बोर्ड ओपन, आतली एटीमेगा मायक्रोचिपची. मग चिपच ओपन केली तर? रिस्क-फाइव्हचा इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच, कोणीही रॉयल्टीविना वापरू शकतो, पण सिलिकॉन कोणीतरी भाजायला हवंच. २०२० मध्ये गूगल आणि चिप बनवणारी स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरची पीडीके (चिप आखायला लागणारी कारखान्याची नियमावली) खुली केली आणि ईफॅबलेस या मध्यस्थ कंपनीमार्फत निवडक ओपन डिझाइनच्या चिपा डिझायनरला एक पैसा न पडता बनून मिळू लागल्या. फुकटच्या इतकं जवळ हे क्षेत्र क्वचितच गेलं असेल. पण बिल गूगल भरत होतं, आणि २०२५ मध्ये ईफॅबलेस बंद पडली.

रेपरॅपवाले यात जास्त प्रामाणिक वाटतात. स्वतःचे प्लास्टिकचे भाग स्वतःच छापणारा थ्रीडी प्रिंटर. जे छापता येत नाही, म्हणजे मोटर, रॉड, प्लास्टिक वितळवणारा हॉटएंड, त्याला ते 'व्हिटॅमिन' म्हणतात. बाहेरूनच घ्यावं लागतं, तेही पैसे मोजून.

माझा राग पैसे घेणाऱ्यांवर नाही, खोक्यावर 'ओपन सोर्स' छापून सर्किटची नुसती पीडीएफ देणाऱ्यांवर आहे. पीडीएफवरून लेआउट पुन्हा काढायचा म्हणजे बोर्ड पहिल्यापासून करण्यासारखंच. घेण्याआधी तीन गोष्टी बघा: कायकॅडसारख्या बोर्ड आखायच्या प्रोग्राममध्ये उघडून बदलता येईल अशी मूळ फाइल, पार्ट नंबरासकट यादी, आणि परवान्याचं नाव. नुसत्या गर्बर फायली (बोर्ड छापणाऱ्या कारखान्याला द्यायच्या) असतील तर बोर्ड छापून मिळेल, पण एक ट्रॅक हलवायचा म्हटलं तरी अडाल.